फाशाचे दान आणि रक्ताचे देणे

मोहगावचा पावसाळा शेतकऱ्याला कितीही हवाहवासा वाटला, तरी शाळेला तो गैरसोयीचाच. मैदानाचा चिखल होतो, खेळाचा तास बुडतो आणि मुले व्हरांड्यात कोंडली जातात. अशाच श्रावणातल्या एका दुपारी मधल्या सुट्टीत नववीच्या मुलांनी लुडोचा पट मांडला होता. पट मागे पडला आणि फाशांवरून वाद जुंपला. वाद वाढत वाढत आमच्या खोलीच्या दारापर्यंत आला. मुख्याध्यापकाच्या वाट्याला अध्यापनापेक्षा न्यायदानच अधिक येते, हे या व्यवसायातील वाचकांना सांगावयास नको.

प्रकरण असे होते. एका मुलाने दोन फासे टाकून त्यांवर वाटी पालथी घातली. वाटी किंचित उचलून त्याने एकट्यानेच आत पाहिले आणि जाहीर केले, "दोहोंपैकी निदान एक तरी सहा आहे." मग मूठभर शेंगदाण्यांची पैज लागली : दोन्ही फाशांवर सहाच असण्याचा संभव किती? एक मुलगा म्हणाला, "सहांत एक. एक फासा सहा आहेच. दुसरा सहा पडण्याची शक्यता सहांत एक, दुसरे काय?" शेजारची एक मुलगी मात्र हटून बसली होती. तिचे म्हणणे, "सहांत एक नाही, त्याहून पुष्कळ कमी." का कमी, ते तिला नीट सांगता येत नव्हते.

आम्ही मराठीचे एम. ए.; गणिताशी आमचे नाते हजेरीपत्रक आणि वेतनपत्रक यांपलीकडे फारसे गेलेले नाही. तरी न्यायाधीशाच्या थाटात आम्ही निवाडा दिला की मुलाचेच बरोबर आहे. मुलगी गप्प बसली. पण तिच्या चेहऱ्यावरची नाराजी आमच्याबरोबर घरी आली. रात्री जेवण झाल्यावर आम्ही एक कोरा कागद घेतला आणि त्यावर रेघा ओढल्या. अर्ध्या तासाने ध्यानी आले की मुलगी खरी होती आणि आम्ही चुकलो होतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते सर्वांसमक्ष कबूल केले. परंतु त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, ती शेंगदाण्यांच्या पैजेमुळे नव्हे. पंचवीस वर्षांपूर्वी नेमकी याच जातीची एक चूक आमच्या हातून झाली होती आणि तिची किंमत शेंगदाण्यांत मोजण्याजोगी नव्हती. ती हकीकत पुढे येईलच. आधी फाशांचा हिशेब.

छत्तीस घरांचा पट

दोन फासे घ्या. एक तांबडा, एक पांढरा. तांबड्यावर सहापैकी कोणताही आकडा येईल आणि त्या प्रत्येकाबरोबर पांढऱ्यावर सहापैकी कोणताही. म्हणजे एकूण ३६ प्रकारची दाने. कागदावर सहा आडव्या व सहा उभ्या ओळींचा चौरस आखला, की प्रत्येक दानाला त्याचे एक घर मिळते. फासे खोटे नसतील तर सर्व घरे सारख्याच तोलाची. दोन्ही सहा, हे घर एकच. म्हणून काहीही माहीत नसताना दोन्ही सहा पडण्याची संभाव्यता ३६ त १.

आता वाटीखाली डोकावलेला मुलगा सांगतो की निदान एक तरी सहा आहे. या बातमीने काय झाले? ज्या घरांत सहा नाहीच, अशी २५ घरे पटावरून पुसली गेली. उरली किती? तांबडा सहा असलेली ६, पांढरा सहा असलेली ६, आणि दोन्ही सहा हे घर दोनदा मोजले गेले म्हणून एक वजा, म्हणजे ११. या अकरा घरांच्या आवारात दोन्ही सहा असलेले घर एकच. तेव्हा उत्तर ११ त १.

मग 'सहांत एक' हे उत्तर कोठून आले? तेही निराधार नाही; मात्र ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मुलाने "तांबडा फासा सहा आहे" असे सांगितले असते, तर उरली असती फक्त तांबड्या सहाची ६ घरे, आणि त्यांत एक दोन्ही सहाचे. 'तांबडा सहा आहे' आणि 'एक तरी सहा आहे' ही दोन वाक्ये कानाला जवळजवळ सारखी लागतात. पण पहिले सहा घरांचे आवार आखते, दुसरे अकरा घरांचे. शब्दांच्या छटा शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला हा फरक दिसू नये, याची आम्हांस लाज वाटली.

गणिताच्या पुस्तकात यास सशर्त संभाव्यता म्हणतात. नाव भारदस्त असले तरी रीत सोपी आहे. जी गोष्ट कळली, ती शर्त. शर्त पाळणारी घरे तेवढी ठेवावी, बाकीची पुसावी. मग उरलेल्यांत आपल्याला हवी ती घरे किती, ते मोजावे. सौंसरच्या बाजारात संत्र्यांची टोपली घेताना आपण सबंध बागेतील नासक्या फळांचे प्रमाण विचारीत नाही, पुढ्यातल्या टोपलीत किती नासकी आहेत ते पाहतो. ही टोपली बदलली हे ज्याच्या लक्षात आले, त्याला सशर्त संभाव्यता समजली.

सातशे वीस दाने

कागदावरचा हिशेब आम्हांस पटला, परंतु वर्गातील निम्म्या मुलांना पटेना. "गुरुजी, कागदावर काय, काहीही लिहिता येते," असे एकाने ऐकविलेच. हा आक्षेप आम्हांस मनापासून आवडला. आम्ही म्हटले, मग टाकूनच पाहू. बाजारातून फाशांच्या जोड्या आणल्या. चाळीस मुलांच्या वीस जोड्या केल्या. प्रत्येक जोडीने ३६ वेळा दोन्ही फासे टाकावयाचे. एकाने टाकावे, दुसऱ्याने लिहावे. नियम एकच : ज्या दानात सहा नाही, त्यावर काट मारावी. ते दान आपल्या प्रश्नापुरते घडलेच नाही असे समजावे.

एक तास शाळेत फाशांचा असा काही कडकडाट झाला, की शेजारच्या वर्गांनी दाराशी गर्दी केली. शेवटी फळ्यावर बेरीज मांडली. एकूण दाने ७२०. एक तरी सहा असलेली २१३. त्यांपैकी दोन्ही सहा असलेली १७. आता २१३ चा सहावा भाग होतो सुमारे ३५, आणि अकरावा भाग सुमारे १९. सतरा कोणाच्या शेजारी बसतात, हे सांगावे लागले नाही. हरलेल्या मुलाने शेंगदाण्यांची पुडी मुलीच्या हाती दिली आणि तिने ती वर्गात वाटली.

एका चाणाक्ष मुलाने विचारले, "नेमके एकोणीस का नाही पडले?" प्रश्न योग्य होता. थोड्या दानांत लहर फार असते. दाने वाढत जातात तसे प्रमाण आपल्या खऱ्या जागी स्थिरावू लागते. एकेका जोडीच्या ३६ दानांकडे पाहिले असते, तर कोणाला दोन्ही सहा एकदाही मिळाले नव्हते, कोणाला तीनदा मिळाले होते. त्यावरून कोणी कायदा बांधला असता तर तो फसला असता. शिवाय फासाही पुरता प्रामाणिक असेलच असे नाही. वेल्डन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९४ च्या सुमारास बारा फाशांची २६,३०६ दाने नोंदवून ठेवली. त्यांत पाच किंवा सहा हे आकडे तीनांत एक या अपेक्षेहून किंचित अधिक वेळा आले. ठिपके कोरलेल्या फाशाच्या सहा खळग्यांच्या बाजूचे लाकूड किंवा हाड जरा कमी होते, ती बाजू हलकी पडते आणि वर राहते, असे त्याचे कारण सांगतात. पुढे १९०० साली कार्ल पिअर्सन यांनी अपेक्षा आणि अनुभव यांतील तफावत तपासण्याची जी प्रसिद्ध कसोटी मांडली, तिच्या उदाहरणांत हीच दाने वापरली.

हिशेब अवघड झाला की तो घडवून पाहावा, ही रीत आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत रूढ आहे. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत असताना पत्ते लावीत बसले होते. डाव सुटण्याची संभाव्यता कागदावर काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजणे सोपे, असे त्यांच्या मनात आले. त्या विचारातून, संगणकाला लक्षावधी दाने टाकावयास लावून उत्तर काढण्याची 'मॉन्टे कार्लो' पद्धती उभी राहिली. नाव जुगाराच्या प्रसिद्ध गावाचे, पण काम विज्ञानाचे. आमच्या व्हरांड्यातील वीस जोड्या तेच काम शेंगदाणे खात करीत होत्या.

नळराजाचा बेहडा

फाशांचे हे शास्त्र पश्चिमेत १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून सुरू झाले, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु फासे आणि मोजणी यांची सोयरीक आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आठवा. द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे विदर्भाकडे रथ हाकीत असता वाटेत एक बेहड्याचे झाड लागले. राजाने नुसते पाहून सांगितले की दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. नळाने काय केले? मान डोलावली नाही. रथ थांबविला, झाड पाडले, फळे मोजली, आणि संख्या जुळली तेव्हाच ती विद्या मागितली. त्या काळी बेहड्याची फळेच फाशांसारखी वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या झाडाची निवड सहज झालेली नाही हे कळते. हा बेहडा आजही आमच्या सातपुड्याच्या रानांत उभा आहे. आणि ज्या वर्धा नदीच्या काठी दमयंतीचे कौंडिण्यपूर होते असे मानतात, ती नदी आमच्या पांढुर्ण्याच्या शेजारी मुलताईच्या डोंगराळ भागात उगम पावते.

भाषेतही फासा मुरलेला आहे. आम्हां मध्य प्रदेशातील मराठी माणसांना हे दुहेरी कळते. आमचा हिंदी शेजारी 'पौ बारह' म्हणतो तेव्हा त्याचे नशीब उघडलेले असते; मराठी माणूस 'पोबारा करतो' तेव्हा तो निसटलेला असतो. मूळ दान एकच, सारीपाटावरचे एक आणि बारा. दान तेच, ते कोणत्या घरात पडले, यावर अर्थ ठरला.

आपल्या मराठी मुलखातील एका विद्वानाचे स्मरण येथे केले पाहिजे. वसंत शंकर हुजूरबाजार हे १९१९ साली कोल्हापुरात जन्मले. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीझ यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पुढे पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचा विभाग नावारूपास आणला. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या गुरूंचा, जेफ्रीझ यांचा, आग्रह असा की कोणतीही संभाव्यता सुटी नसते; ती नेहमी हाती असलेल्या माहितीच्या संदर्भातच बोलावयाची असते. 'संभव किती?' हा प्रश्नच अपुरा आहे; 'काय कळले असता संभव किती?' असे विचारले पाहिजे. आमच्या व्हरांड्यातील मुलीला हेच जाणवले होते.

"आता तिघं चांगले होतीन"

आता ती जुनी हकीकत. त्या वेळी आम्ही नवे शिक्षक होतो; शाळा दुसरी, गाव दुसरे. पहिलीतील एक मुलगी वारंवार गैरहजर राहत असे. कधी हातापायांची बोटे सुजत, कधी सांधे असे दुखत की ती रात्ररात्र रडे. डोळे पिवळसर, अंगात रक्त कमी. गावात तऱ्हेतऱ्हेचे उपाय झाले. शेवटी नागपूरला तपासणी होऊन निदान झाले : सिकलसेल.

या व्याधीत रक्तातील तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. १९१० साली शिकागोत हेरिक या डॉक्टरांनी तिचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत ती आढळली, आणि १९५८ साली शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचे टिपण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. विदर्भापासून सातपुड्यापर्यंतच्या आमच्या पट्ट्यात हे दुखणे अनोळखी राहिलेले नाही. ते संसर्गाने होत नाही, कोणाच्या पापानेही होत नाही, आईबापांकडून येते. प्रत्येकाजवळ या रक्ताच्या घडणीची दोन जनुके असतात, एक आईकडून आलेले, एक बापाकडून. एकच सदोष असेल तर माणूस वाहक. तो सहसा निरोगीच असतो. मलेरियापासून त्याचे काहीसे रक्षणही होते, आणि म्हणूनच मलेरियाच्या मुलखांत हे जनुक टिकून राहिले. दोन्ही सदोष असली तर मात्र मूल रोगी.

त्या मुलीचे आईबाप दोघेही वाहक होते. डॉक्टरांनी बापाला नीट समजावले होते की होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा रोग असण्याचा संभव चारांत एक. काही दिवसांनी तो शाळेत आला. पोरीची फी, पुस्तके यांविषयी बोलणे झाले आणि मग तो जरा हलक्या मनाने म्हणाला, "डाक्टरसायबानं सांगतलं गुरुजी, चारातून एक. थे एक त होऊन गेली. आता तिघं चांगले होतीन."

आम्ही मान डोलावली. आम्हांस ते खरेच वाटले. शिवाय दुःखात बुडालेल्या माणसाला आधार देणे हे कर्तव्यही वाटले. पुढच्या वर्षी मुलगा झाला, आणि तो निरोगी निघाला. बापाचा हिशेब जणू खरा ठरला. त्या विश्वासावर तिसरे मूल झाले. ती मुलगी थोरल्या बहिणीचेच दुखणे घेऊन आली.

चूक कोठे होती, ते फाशांनी दाखविता येते. दोन फासे घ्या, एक आईचा, एक बापाचा. विषम आकडा पडला तर सदोष जनुक मुलाकडे गेले; सम पडला तर निर्दोष. दोन्ही विषम पडण्याचा संभव चारांत एक, तो रोग. एक विषम, एक सम, हा चारांत दोन, ते वाहक. दोन्ही सम, चारांत एक. ते पूर्ण निर्दोष. आता एकदा दोन्ही विषम पडले. फासे उचला आणि पुन्हा टाका. मागचे दान काय होते, ते फाशाला ठाऊक आहे काय? त्याला ना स्मरण, ना पश्चात्ताप, ना दया. पुन्हा चारांत एकच. 'पहिले मूल रोगी आहे' ही बातमी दुसऱ्या मुलाच्या पटावरील एकही घर पुसत नाही. डॉक्टरांनी प्रत्येक मुलाविषयी सांगितले होते. बापाने आणि आम्ही चार मुलांत वाटणी करून टाकली.

मधला भाऊ

मोहगावी बदली होऊन आम्हांस बरीच वर्षे झाली. अर्धनारीश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांत जुन्या गावचे लोक कधी भेटतात. फाशांच्या त्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांनी एक तरुण शाळेत येऊन पाया पडला. तो तोच मधला मुलगा. वय बावीस, अंगाने धडधाकट, घरात लग्नाचे बोलणे चाललेले. त्याने विचारले, "गुरुजी, मला तर लहानपणापासून काहीच त्रास नाही. मग मी वाहक असण्याचा संभव किती? लोक म्हणतात, निम्मा."

या वेळी आम्ही मान डोलावली नाही. टेबलाच्या खणातून दोन फासे काढले आणि त्याच्या हातात दिले. म्हटले, "शंभर वेळा टाक. दोन्ही विषम पडले की ते दान खोडून टाक, कारण तू रोगी नाहीस हे आपल्याला ठाऊक आहे." तो टाकीत गेला, आम्ही लिहीत गेलो. सत्तावीस दाने खोडली गेली. उरलेल्या ७३ पैकी ४७ दानांत एक विषम, एक सम होता; २६ मध्ये दोन्ही सम. तो स्वतःच म्हणाला, "निम्मा कुठे? हा तर तीनांत दोनच्या जवळ आहे."

खरेच तीनांत दोन. चार घरांच्या पटावर 'तो निरोगी आहे' या बातमीने रोगाचे घर पुसले. उरली तीन, त्यांत दोन वाहकाची. जन्मापूर्वी विचारले असते तर वाहक असण्याचा संभव चारांत दोन, म्हणजे निम्माच होता. बावीस वर्षांच्या निरोगी आयुष्याने ती टोपली बदलली, आणि आश्चर्य असे की त्या सुखाच्या बातमीने वाहक असण्याचा संभव वाढविला.

एकाच घरातील दोन बातम्या पाहा. थोरली बहीण रोगी, ही बातमी पुढच्या भावंडाचा संभव बदलीत नाही. भाऊ स्वतः निरोगी, ही बातमी त्याचा संभव बदलते. कोणती बातमी घरे पुसते आणि कोणती पुसत नाही, हे ओळखणे हेच या विद्येचे मर्म. बातमी ऐकताच तिने मन हलते. पण मन हलले म्हणून पट हलतोच असे नाही.

त्याने पुढचाही प्रश्न विचारला : मुलांचे काय? आम्ही केवळ उदाहरणादाखल धरले की वधूच्या समाजात दहांत एक माणूस वाहक आहे. मग तो वाहक असण्याचा संभव तीनांत दोन, ती वाहक असण्याचा दहांत एक, आणि दोघेही वाहक असल्यास मूल रोगी होण्याचा चारांत एक. तिघांचा गुणाकार केला तर साठांत एक. हा आकडा ऐकून त्याला बरे वाटू लागले. तेव्हा आम्ही त्याला थांबविले. साठांत एक हे आपल्या अज्ञानाचे उत्तर आहे. दोघांची रक्ततपासणी केली तर पट पुन्हा आखावा लागेल. दोघांपैकी एक जरी निर्दोष निघाला, तर या रोगाचे मूल होण्याचे घर जवळजवळ पुसलेच जाईल. दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक मुलामागे चारांत एक; मग तो साठांत एक काही उपयोगाचा नाही. वाटी उचलता येत असताना वाटीवर पैज का लावावी?

वाटी उचलणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. १ जुलै २०२३ रोजी आमच्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीतही शर्तीचा विचार आहेच. साधी विद्राव्यता चाचणी रक्तात दोष आहे एवढे सांगते. माणूस वाहक की रोगी, हे ती सांगत नाही. ते कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी करावी लागते. पहिल्या चाचणीचा निकाल ऐकूनच कोणी हाय खाऊ नये आणि कोणी सोयरीकही मोडू नये. वाहक म्हणजे रोगी नव्हे. आणि जे रोगी आहेत त्यांच्याही वेदना कमी करणारी औषधे आज आहेत.

तो तरुण तपासणीला गेला. निकाल काय आला, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ते त्याचे देणे-घेणे आहे आणि या पानावर मांडण्याचा आम्हांस अधिकार नाही. एवढेच सांगतो की सोयरिकीच्या बैठकीत त्याने आपले कार्ड स्वतःहून पुढे ठेवले, आणि मुलीकडच्यांनाही तपासणीची विनंती केली.

त्यानंतर एका रविवारी आम्ही त्याच्या वडिलांना भेटावयास गेलो. माणूस थकला आहे. थोरली मुलगी औषधावर आहे आणि शिवणकाम करते. धाकटी आता या जगात नाही. आम्ही ओसरीवर बसलो आणि पंचवीस वर्षांपूर्वी डोलावलेल्या मानेविषयी त्यांची क्षमा मागितली. खिशात फासे होते, ते काढून हिशेबही दाखविला. त्यांनी एक फासा उचलून बराच वेळ बोटांत फिरविला. मग तो आमच्या हातावर ठेवीत म्हणाले, "तवा तुमाले तरी कोठं मालूम होतं, गुरुजी? आता मालूम झालं ना, त पोराइले सांगा."

म्हणून हे लिहिले. आता दरवर्षी पावसाळ्यात, मैदानात चिखल झाला की नववीच्या वर्गात फासे निघतात. पहिला तास वाटीखालच्या सहाचा असतो. दुसरा, मधल्या भावाचा.